ताश्कंद करारातले दोन शब्द आणि एक तारीख

ताश्कंदचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे दोन गोष्टींवर येऊन थांबते. एक, सही केल्यानंतर काही तासांतच लालबहादूर शास्त्रींना आलेला मृत्यू. दुसरी, परत दिलेली हाजीपीर खिंड. मृत्यूविषयी तर इतके लिहिले गेले आहे, की खुद्द करार वाचायचा राहूनच जातो. तो लहान आहे, नऊ कलमांचा. मला त्यातल्या फक्त दुसऱ्या कलमाविषयी लिहायचे आहे.

१० जानेवारी १९६६ रोजी शास्त्री आणि अयुबखान यांनी या मजकुरावर सह्या केल्या. दुसरे कलम सांगते, की दोन्ही देशांचे सर्व ‘आर्म्ड पर्सोनेल’ २५ फेब्रुवारीपर्यंत ५ ऑगस्ट १९६५ पूर्वीच्या जागी परततील. सरळ ‘आर्म्ड फोर्सेस’, म्हणजे सैन्य, असे का म्हटले नाही? आणि तारीख ५ ऑगस्टच का? पाकिस्तानच्या हिशेबी युद्ध सुरू झाले ६ सप्टेंबरला, भारतीय सैन्याने लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडली तेव्हा.

उत्तर ताश्कंदमध्ये सापडत नाही, न्यूयॉर्कमध्ये सापडते. ऑगस्टच्या सुरुवातीला काश्मिरात सशस्त्र माणसे घुसू लागली. पाकिस्तान म्हणत होता, हा काश्मिरी जनतेचा उठाव आहे, आमचा संबंध नाही. युद्धबंदी रेषेवरील राष्ट्रसंघाच्या निरीक्षकांचे प्रमुख होते ऑस्ट्रेलियाचे जनरल निम्मो. त्यांच्या माहितीच्या आधारे सरचिटणीस ऊ थांट यांनी ३ सप्टेंबरच्या अहवालात नोंदवले, की ५ ऑगस्टपासून सुरू झालेल्या उल्लंघनांत मोठा भाग होता तो पाकिस्तानच्या बाजूने रेषा ओलांडणाऱ्या, बहुतेक गणवेश नसलेल्या सशस्त्र माणसांचा. गणवेश नाही म्हणजे कागदोपत्री सैन्य नाही. मग ‘सैन्य मागे घ्या’ म्हणून भागणार कसे? सुरक्षा समितीने ६ सप्टेंबरच्या ठरावात ‘सर्व आर्म्ड पर्सोनेल’ असा शब्द घातला, तारीख ५ ऑगस्ट धरली, आणि २० सप्टेंबरच्या ठरावात तेच पुन्हा लिहिले. ताश्कंदने हे शब्द जसेच्या तसे उचलले.

माझ्या मते भारताची त्या वाटाघाटीतली खरी कमाई ही. घुसखोर आपले नाहीत म्हणणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने, घुसखोरी ज्या दिवसापासून मोजली जाते त्या तारखेखाली सही केली. पण कमाई अर्धीच. करारात घुसखोर हा शब्द कुठेही नाही, ते खरोखर परतले का हे पाहणारी यंत्रणाही नाही. ‘आमची सशस्त्र माणसे तिथे नव्हतीच, मग परत कोणाला बोलावू?’ असे म्हणायची वाट पाकिस्तानला मोकळी राहिली. कोसिजिन यांना असाच मजकूर हवा असणार, दोघांनाही आपापल्या घरी नेता येईल असा.

हाजीपीर याच तारखेने गेली. २८ ऑगस्टला मेजर रणजितसिंग दयाल यांच्या तुकडीने घेतलेली ही खिंड उरी-पूंछ रस्त्यावरची, घुसखोरांच्या वाटेवरची. ती ठेवून बाकीचे परत करू, हा व्यवहार ५ ऑगस्टच्या रेषेत बसतच नव्हता. छांब आणि खेमकरण पाकिस्तानच्या ताब्यात होते. तेही याच तारखेच्या जोरावर परत मिळायचे होते. त्यातून सुरक्षा समितीत ज्याच्या नकाराधिकाराची भारताला गरज, तोच देश यजमान. लंडनवर भरवसा उरला नव्हता. कच्छच्या तंट्यात मध्यस्थी करणाऱ्या विल्सन यांनी सप्टेंबरमध्ये दोष भारताच्या पदरात टाकला होता.

यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून ताश्कंदला हजर होते. मराठी माणसाला १९६२ चे ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री’ पाठ असते. जिंकलेली खिंड सोडायची ठरली तेव्हाही सह्याद्री तिथेच होता, हे क्वचितच कोणी आठवते.

दिल्लीत पुनर्वसनमंत्री महावीर त्यागी यांनी कराराच्या निषेधार्थ राजीनामा दिला. लाहोरमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, कारण त्यांच्या मते अयुबखानांनी काश्मीर गमावले होते. परराष्ट्रमंत्री भुट्टो त्याच वर्षी सरकारबाहेर पडले आणि पुढे ताश्कंदविरोधावरच त्यांनी राजकारण उभे केले. पहिल्या कलमात जम्मू-काश्मीरबद्दल एवढेच आहे, की चर्चा झाली आणि प्रत्येकाने आपली बाजू मांडली.

माघार मात्र ठरल्या दिवशी, २५ फेब्रुवारीला पूर्ण झाली. भारतीय जवान हाजीपीरवरून उतरले, छांब परत आले. १९७१ च्या युद्धात छांब पुन्हा गेले. सहा महिन्यांनी सिमल्यात काश्मीरपुरती मागची कुठलीच तारीख धरली नाही. १७ डिसेंबर १९७१ च्या युद्धबंदीच्या वेळी जे ज्याच्याकडे, ते त्याच्याकडे, असे ठरले. त्या हिशेबात तुर्तुक आणि कारगिलजवळची ठाणी भारताकडे राहिली, आणि छांब पाकिस्तानकडे. ते आजही तिकडेच आहे.