वाता, चालता हो! हिरणवेलीची कुळकथा

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या बंगाली काकूंच्या गॅलरीत ग्रिलला विळखे घालत वर गेलेली एक वेल आहे. दोरीसारखं बारीक खोड, समोरासमोर दोन-दोन पानं, आणि पावसाळा सरत आला की नळीसारखी छोटी फुलं, बाहेरून मळकट पांढरी, घशाशी गडद जांभळट. पान बोटांत चुरडलं की मात्र सडक्या कोबीचा भपकारा येतो. काकू तिला गांदाल म्हणतात. भिजवलेली मसूर डाळ जाडसर वाटायची, त्यात ही पानं बारीक चिरून, हिरवी मिरची, कलौंजी आणि मीठ घालायचं, आणि मोहरीच्या तेलात चपटे ‘बोडे’ तळायचे. बोडा म्हणजे आपला वडाच. पानं चिरताना घरभर वास असतो. तेलात पडलं की दोन-तीन मिनिटांत तो विरतो आणि मागे उरते एक हलकी कडसर, हिरवी चव. पोट बिघडलं तर तीच पानं कच्च्या केळ्याच्या पातळ रश्श्यात घालतात.

या वेलीचं पूर्ण बंगाली नाव ‘गंधभादुली’. ते शोधताना निघंटूत, म्हणजे आयुर्वेदातल्या वनस्पतिकोशात, जिथे पोचलो, तिथे मी थबकलोच. संस्कृत नाव होतं प्रसारणी. आणि प्रसारणी तेलाची बाटली आमच्या कपाटात होती! आईचा खांदा आखडला तेव्हा ठाण्याला जांभळी नाक्यावरून आणलेली. शेजारच्या कढईत तळली जाणारी आणि आमच्या घरी खांद्याला चोळली जाणारी वेल एकच. पुढची नोंद आणखी नवलाची होती: मराठी नाव, हिरणवेल.

हे नवल का, ते सांगतो. ही वेल मुळात पूर्व हिमालयाचा पायथा, बंगाल, आसाम आणि तिथून पुढे चीन-जपानपर्यंतची. पावसाळ्यात कल्याणच्या बाजारात मुरबाड-शहापूरकडच्या बायका शेवळं, करटोली, कोरलं घेऊन बसतात. त्या टोपल्यांत मला ही वेल कधी दिसली नाही, आणि विचारल्यावर कुणी ओळखलीही नाही. जी वेल आपल्या रानात दिसत नाही, तिला मराठीत इतकं घरगुती नाव कसं?

विज्ञानातली हकिगत सगळीकडे मिळते, म्हणून थोडक्यात. लिनियसने १७६७ मध्ये तिला ‘पेडेरिया फेटिडा’ असं नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘पेडोर’ म्हणजे घाण, ‘फेटिडा’ म्हणजे दुर्गंधी, म्हणजे एकाच नावात दोनदा नाक मुरडलेलं. कूळ मंजिष्ठेचं, कदंबाचं आणि कॉफीचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीआधीच ती धाग्यासाठी अमेरिकेत फ्लोरिडाला नेली गेली, आणि आज तिथे ती त्रासदायक तण म्हणून उपटली जाते.

वासाचं कारण गंधकात आहे. पानात पेडेरोसाइड नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. पान अख्खं असेतो ते गप्प असतं. पान चुरडलं की पेशी फुटतात, द्रव्याचं विघटन होतं आणि मिथिल मरकॅप्टन सुटतो. गळती कळावी म्हणून स्वयंपाकाच्या गॅसमध्ये जो वास मिसळतात, तो याच्याच सख्ख्या भावाचा, इथिल मरकॅप्टनचा. मरकॅप्टन उडून जाणारा असल्यामुळे तापलेल्या तेलात टिकत नाही. वेलीला या द्रव्याचा उपयोग स्वसंरक्षणासाठी. जपानमध्ये या वेलीवर जगणारा एक मावा ते द्रव्य आपल्या अंगात साठवतो आणि मग चित्रांग भुंगेरे त्याच्या वाटेला जात नाहीत.

आता खरा प्रश्न, नावांचा. ज्यांनी ही वेल रोज हाताळली, त्यांनी तिला वासावरूनच हाक मारली आहे. बंगालीत नावाची सुरुवातच ‘गंध’. आसामीत एक नाव ‘पादुरी लता’. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगायची गरज नाही, शब्द आपलाच आहे. हवाईत ‘माइले पिलाउ’, म्हणजे घाणेरडी माइले. माइले ही त्यांची हार करायची सुवासिक वेल. जपानीतलं नाव तर पादण्याच्याही पुढे जाऊन विष्ठेपर्यंत पोचतं, आणि ते जुनं आहे: आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात ही वेल ‘कुसोकाझुरा’, म्हणजे विष्ठावेल, म्हणून आली आहे.

या पार्श्वभूमीवर सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या भावप्रकाशातली प्रसारणीची पर्यायनावं पाहावीत: राजबला, भद्रपर्णी, प्रतानिनी, सारणी, भद्रा, कटंभरा. राजाचं बळ आहे, भद्र पान आहे, पसरणं आहे. वास कुठेही नाही! आपले निघंटुकार वासाच्या बाबतीत भिडस्त नव्हते. हिंगाला, लसणीला, वेखंडाला त्यांनी उग्रगंधा-छापाची नावं सढळ हाताने दिली आहेत. मग सगळ्या जगाला जो वास आधी आला, तो यांनाच कसा आला नाही? ‘गंधप्रसारणी’ हे नाव आहे, पण त्याची घडणच सांगते की ते नंतरचं. आधी नुसती प्रसारणी होती, मग तिच्यापासून वेगळी ओळखू यावी म्हणून दुसरी ‘गंध’वाली झाली. मूळची प्रसारणी बिनवासाची असली पाहिजे, असं मी म्हणतो ते यावरून.

याला आधार केरळातून मिळतो. तिथल्या वैद्यांची प्रसारणी ही वेल नव्हेच. ते वापरतात ती ‘तलनीळी’, शास्त्रीय नाव मेरेमिया ट्रायडेन्टाटा. ती गारवेलीच्या कुळातली, माळावर जमिनीसरशी पसरणारी, बारीक पानांची, पिवळसर फुलांची, आणि तिला दुर्गंधी नाही. कल्याण-डोंबिवलीत मल्याळी वस्ती भरपूर आहे, केरळी औषधांची दुकानंही आहेत. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांत ‘प्रसारणी’ लिहिलेल्या दोन बाटल्या मिळू शकतात आणि त्यांतल्या वनस्पतींचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. सरकारी आयुर्वेदिक औषधसूचीने पेडेरियाच्या बाजूने कौल दिला आहे. पण त्याच नोंदीत मल्याळम नाव म्हणून तलनीळीच छापलं आहे. म्हणजे वनस्पती पूर्वेची आणि नाव दक्षिणेचं, अशी गाठ खुद्द सूचीतच बसली आहे.

या दोघींना एक नाव मिळालं कसं? इथे ‘प्रसारणी’ या शब्दाचा अर्थ कामी येतो, आणि त्यावर दोन पक्ष आहेत. पहिला सरळ: प्रसरते, पसरते, म्हणून प्रसारणी. भावप्रकाशातलं ‘प्रतानिनी’ हे नाव या पक्षाच्या बाजूचं आहे. हा अर्थ बहुतेक कोशांत मिळतो आणि मला तो अपुरा वाटतो. पसरत नाही अशी वेल कोणती? दुसरा पक्ष म्हणतो की पसरायचे आहेत ते वेलीचे ताणे नव्हेत, रोग्याचे हातपाय. आयुर्वेदात आकुंचन आणि प्रसारण ही अवयवांची जोडक्रिया आहे. वाताने सांधा आखडतो, त्याचं प्रसारण करते ती प्रसारणी. या पक्षाचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे ‘कुब्जप्रसारणी तेल’. कुब्ज म्हणजे कुबडा; वाकलेल्याला सरळ करणारं तेल. या नावात वेलीच्या वाढीचा अर्थ बसवून दाखवावा कुणी! आपल्याकडेही कांडवेलीला लोक हाडजोडी म्हणतात, ते तिच्या रूपावरून नाही, तिच्याकडून अपेक्षित असलेल्या कामावरून.

रूपावरून पडलेलं नाव सहसा त्या रूपाला चिकटून राहतं. कामावरून पडलेलं नाव, तेच काम दुसरी वनस्पती करते असा विश्वास बसला की तिच्याकडे जातं. ब्राह्मी या नावावर एकाहून अधिक वनस्पती हक्क सांगतात, त्याचंही कारण मला हेच दिसतं. कुब्जप्रसारणीचा पाठ देणारा चक्रदत्त हा ग्रंथ चक्रपाणिदत्ताचा; तो अकराव्या शतकातला, बंगालचा. त्याच्या दाराशी जी वेल होती, ती वासाची. तिथे काम तिने केलं आणि पदवी तिला मिळाली. ‘भादुली’ हा शब्दही निघंटूतल्या ‘भद्रा’पासून आला असणार: वासाची भद्रा ती गंधभादुली. जुन्या नावाला गंध जोडून बंगालने नवी वेल नोंदवली असावी. अष्टांगहृदय प्रमाण मानणाऱ्या केरळात मात्र माळावरचीच वेल राहिली.

कामावरून पडलेलं या वेलीचं आणखी एक संस्कृत नाव आहे, आणि मला ते सगळ्यांत लाडकं आहे: अपेहिवाता. ‘अपेहि’ म्हणजे दूर हो, नीघ. वनस्पतीचं नावच मुळी एक हुकूम: वाता, चालता हो! असे आज्ञार्थी समास संस्कृतात आहेत. पाणिनीच्या परंपरेतल्या गणपाठात मयूरव्यंसकादी गणात ‘अपेहिवाणिजा’ आहे, म्हणजे ज्यात ‘वाण्या, चालता हो’ म्हणतात ती क्रिया. बंगाली काकू पोटातल्या वाऱ्यासाठी पानं वापरतात, वैद्य सांध्यातल्या वातासाठी तेल देतात. अपेहिवाता दोघांनाही सामावून घेते.

आता हिरणवेल. पहिला तर्क हरणाचा. आपल्याकडे हरणदोडी नावाची वेल आहेच. तिच्या जोडशेंगा शिंगांसारख्या दिसतात, त्यामुळे तिथे हरीण शोभतं. पण प्रसारणीला ना शेंग ना शिंग, आणि मराठीत प्राण्याला आपण हरीण म्हणतो, हिरण नव्हे. दुसरा तर्क हिरण्याचा, सोन्याचा. हा वजनदार आहे, कारण गंधभादुलीची पिकलेली फळं चकचकीत, सोनेरी-तपकिरी मण्यांसारखी असतात. पण आपल्याकडे जी वेल दिसतच नाही, तिचं पिकलेलं फळ पाहून कुणी नाव ठेवलं असेल, हे मला पटत नाही.

तिसरा तर्क माझा. प्रसारणीची देशी रूपं पाहा: हिंदीत पसरन, ओडियात पसारुणी, आणि कन्नडमध्ये हेसरणे. कन्नडचा ‘ह’ इथे कळीचा आहे. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा ‘प’ साधारण दहाव्या शतकापासून ‘ह’ होत गेला. तमिळमध्ये दूध ‘पाल’, कन्नडमध्ये ‘हालु’. तिकडे वाघ ‘पुली’, इकडे ‘हुली’. पल्लीची ‘हळ्ळी’ झाली. डोंबिवली-बोरिवलीतली ‘वली’ही याच पल्लीची लेक मानतात, म्हणजे आमच्या गावाच्या नावात ही सोयरीक आहेच. प्रसारणीची पसरणे, पसरणेची हेसरणे. मधला ‘ए’ खटकेल. पण कन्नडमध्ये मुगाला ‘हेसरु’ म्हणतात, तोही मूळचा ‘पेसरु’. ओळखीच्या शब्दाकडे अनोळखी शब्द झुकला, इतकंच.

हेसरणे घाट उतरून कोकणात आली ती शिलाहारांच्या काळात, असं मी मानतो. स्थानक म्हणजे ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. ते आरंभी कन्नडभाषक राष्ट्रकूटांचे मांडलिक होते आणि त्यांच्या ताम्रपटांत कन्नड बिरुदं आढळतात. कल्याणपासून हाकेच्या अंतरावरचं अंबरनाथचं शिवमंदिर त्यांचंच, १०६० सालचं. त्या काळात राजाची बिरुदं आली, तशी वैद्यांची नावंही आली असावीत. मराठी तोंडात ‘हेसरण’ला अर्थ नव्हता. मधला ‘स’ गळाला, आणि हरणाच्या जवळ जाणारा उच्चार कानाला बरा वाटला. झाली हिरणवेल.

हा तर्कच आहे, आणि त्यावरची सर्वांत मोठी हरकत अशी: ‘हेसरण’ आणि ‘हिरण’ यांच्या मधलं, ‘स’ अर्धवट राहिलेलं रूप मी दाखवू शकत नाही. पण या तर्काने सुरुवातीचं कोडं सुटतं, आणि वरच्या दोन तर्कांनी ते सुटत नाही. तो धरला तर नाव दक्षिणेतून, माळावरच्या बिनवासाच्या वेलीबरोबर आलं. वासाची वेल नंतर, बंगाली पाठांतून, पोथ्यांतून आली. निघंटुकारांनी दोघींना एका ओळीत बसवलं, आणि रानात न दिसणाऱ्या वेलीला मराठी नाव मिळालं.

ते मधलं रूप सापडायचंच असेल तर दोन ठिकाणी: कल्याण-ठाण्याच्या जुन्या वैद्यघराण्यांच्या मोडी बाडांत, तेलाच्या पाठांमध्ये, किंवा जत-अक्कलकोटच्या सीमेवर, जिथे एकाच घरात कन्नड आणि मराठी दोन्ही बोलल्या जातात. तिथे कुणाच्या आजीने गुडघ्याला लावायच्या पाल्याला ‘हिसरण’ किंवा ‘हेसरणवेल’ म्हटलेलं आठवत असेल, तर त्या पाल्याला वास येत होता की नव्हता, हेही तिला विचारून मला जरूर कळवा.