स्त्रियांचे पान आणि अभिरुचीचा इतिहास

अमेरिकन वृत्तपत्रांतील खाद्यलेखनाचा इतिहास सांगताना १९५७ हे वर्ष सामान्यतः प्रारंभबिंदू मानले जाते. त्या वर्षी क्रेग क्लेबोर्न ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे खाद्यसंपादक झाले आणि पाककृतींच्या टिपणांना समीक्षेचा दर्जा लाभला, असे या कथनाचे स्वरूप आहे. त्यात आधीचे ते गृहिणींसाठीचे उपयुक्त लेखन ठरते आणि नंतरची ती पत्रकारिता. ही विभागणी वरकरणी कालानुक्रमाची असली, तरी मूलतः ती लिंगभावाची आहे. कारण तोवर खाद्यपान बव्हंशी स्त्रियांच्याच हाती होते.

‘स्त्रियांचे पान’ ही अंतर्विरोधांनी भरलेली जागा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्राहक म्हणून स्त्रीचे महत्त्व जाहिरातदारांच्या लक्षात आले, तेव्हा हे पान स्थिरावले आणि कुटुंब, पोशाख, स्वयंपाक व गृहसजावट या विषयांपुरती त्याची सीमा आखली गेली. राजकीय वार्तांकनाची दारे स्त्रियांना बहुतांशी बंद होती. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबने १९७१ पर्यंत त्यांना सदस्यत्वही दिले नव्हते. अशा व्यवस्थेत हे पान स्त्रियांचा कोंडवाडा होते, आणि संपादक म्हणून निर्णय घेण्याचा अधिकार त्यांना देणारी जवळजवळ एकमेव जागाही तेच होते.

जेन निकर्सन १९४२ ते १९५७ या काळात ‘टाइम्स’च्या खाद्यसंपादिका होत्या. १९४२च्या मे महिन्यात साखरेवर आणि नोव्हेंबरात कॉफीवर नियंत्रण आले. १९४३च्या मार्चमध्ये मांस, लोणी व चीज शिधावाटपाखाली गेले. ‘आज काय रांधावे’ हा घरगुती प्रश्न अशा रीतीने शासनाच्या युद्धधोरणाशी जोडला गेला. टंचाई, बाजारातील आवक, नवे पदार्थ, उपाहारगृहे यांविषयी निकर्सन यांनी केलेले लेखन हे शब्दशः वार्तांकन होते. पान मात्र ‘स्त्रियांचे’ असल्यामुळे त्याची गणना बातमीत झाली नाही.

क्लेमेंटाइन पॅडलफोर्ड यांचे कार्य वेगळ्या जातीचे होते. १९३६ पासून १९६६ मध्ये पत्र बंद पडेपर्यंत त्यांनी ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’मध्ये लिहिले. लहान विमान स्वतः चालवीत त्या देशभर हिंडल्या आणि सामान्य घरांतील स्वयंपाकाची नोंद करीत राहिल्या. १९४८ पासूनच्या या लेखमालेतून १९६० साली ‘हाउ अमेरिका ईट्स’ हे पुस्तक सिद्ध झाले. फ्रेंच पाकशास्त्र हाच अभिरुचीचा मानदंड असताना स्थलांतरितांच्या आणि खेड्यांतील चुलींना त्यांनी लेखनविषयाची प्रतिष्ठा दिली.

क्लेबोर्न यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. उपाहारगृहांच्या परीक्षणाला त्यांनी शिस्त आणली आणि १९६३ मध्ये तारांकनाची पद्धत सुरू केली. तथापि १९६१ साली त्यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या ‘टाइम्स’च्या पाकपुस्तकात आधीच्या दशकात त्या पत्रात छापल्या गेलेल्या पाककृतींचा संग्रह आहे. वृत्तपत्रीय पाककृती ही वाचक, स्वयंपाकी, संपादिका अशा अनेक हातांतून घडणारी संहिता असते. पुस्तक होताच तिला एकच कर्ता प्राप्त होतो. विस्मृतीची प्रक्रिया येथे नेमकेपणाने दिसते.

या संपादिकांवरील गंभीर आक्षेप जाहिरातींसंबंधीचा आहे. १९७१ मध्ये सेनेटर फ्रँक मॉस यांनी खाद्यसंपादक जाहिरातदारांच्या अधीन असल्याचा जाहीर आरोप केला. किराणा व्यापाराच्या जाहिरातींवर हे पान पोसले जात होते आणि कंपन्यांचे आदरातिथ्य अनेकींनी स्वीकारलेही होते. परंतु पानाचे अर्थकारण व्यवस्थापनाने ठरविलेले होते. दोष मात्र संपादिकांच्या माथी आला. १९७४ मध्ये खाद्यपत्रकारांनी स्वतःची संघटना स्थापन केली व आचारसंहितेचा आग्रह धरला. ही संघटना २०२० पर्यंत टिकली.

दरम्यान १९६९ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने स्त्रियांच्या पानाऐवजी ‘स्टाइल’ हा विभाग सुरू केला आणि इतर पत्रांनी त्याचे अनुकरण केले. स्त्रियांना वेगळ्या पानात कोंडणे अन्यायाचे आहे, ही स्त्रीवादी भूमिका रास्तच होती. पण पान गेले तेव्हा त्याबरोबर अनेक संपादिकांचे पदही गेले आणि नव्या विभागांची सूत्रे बहुधा पुरुषांकडे आली. पुढे त्या पानाची हेटाळणी करणाऱ्यांत पुरोगामी अभ्यासकही होते, ही या इतिहासातील बोचरी गोष्ट आहे.

म्हणूनच या पानांचे पुनर्वाचन केवळ काही विसरलेली नावे यादीत घालण्यासाठी करून भागत नाही. ‘उपयुक्त’ आणि ‘समीक्षात्मक’ या कोटी कोणी, केव्हा आणि कोणाच्या लेखनाला लावल्या, हा प्रश्न त्यातून विचारावा लागतो. तो विचारला गेला नाही, तर इतिहास १९५७ पासूनच सुरू होत राहील.