दोन कुळांची लेक : प्रभावतीगुप्तेची वंशावळ

सुरुवातीलाच सांगतो, मी इतिहासाचा माणूस नव्हे. जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. पण निवृत्तीनंतर माणूस दोनच गोष्टी शोधतो म्हणतात, चष्मा आणि पूर्वज. चष्मा सापडतो. पूर्वजांचं, त्यातही पूर्वज बायकांचं, तसं होत नाही.

एक प्रश्न विचारतो. हात वर करू नका, मनातल्या मनात उत्तर द्या. तुमच्या आईच्या आईचं माहेरचं नाव काय? आडनाव नव्हे, लग्नाआधी तिला ज्या नावानं हाक मारत ते नाव.

आमच्या घरी हाती लिहिलेली एक वंशावळ आहे. नऊ पिढ्यांची. त्यात एकही बाई नाही! नऊ पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला असावा, असं ती वाचून वाटतं. माझ्या आजीचं माहेरचं नाव मला कळलं ते घंगाळामुळे. तिच्या आंदणातलं तांब्याचं घंगाळ होतं, त्याच्या काठावर तिच्या वडिलांनी तिचं नाव कोरून घेतलं होतं. पुढे वाटण्या झाल्या आणि आम्ही ते मोडीत घातलं. वजनावर किती पैसे आले ते विसरलो. आजीचा एकमेव लेख आपण विकला, हे मात्र विसरता येत नाही.

दूर कॅनडात, क्युबेक प्रांतात, फ्रेंच लोकांच्या चर्चची जुनी दप्तरं आहेत. लग्न, मुलाचा बाप्तिस्मा, मृत्यू अशा प्रत्येक नोंदीत बाई तिच्या माहेरच्या आडनावानंच येते. म्हणून तिकडे कुणाचीही पणजी-खापरपणजी धरून मागे मागे जाता येतं. पण याच बायका एकोणिसाव्या शतकात कापड गिरण्यांत कामाला अमेरिकेत गेल्या, की धागा तुटायला लागतो. नवऱ्याचं आडनाव लागतं, शिवाय त्या आडनावाचंही भाषांतर होतं. ‘र्‌वा’चा ‘किंग’ होतो. म्हणजे बाई हरवते ती बहुतेक गाव बदलताना. आणि आपल्याकडे तर प्रत्येक लग्न हे गाव बदलणंच होतं.

आता आपण जिथं बसलो आहोत तिथं येऊ. पवनार म्हटलं की विनोबा आठवतात. 1938 साली ते इथं राहायला आले. आश्रमाच्या जमिनीत खोदताना जुनी शिल्पं निघाली, त्यातलं भरत-रामाच्या भेटीचं शिल्प तुम्ही पाहिलं असेल. ही शिल्पं वाकाटक काळातली, म्हणजे साधारण पंधराशे वर्षांपूर्वीची. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पवनार म्हणजेच दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं मांडलं. 1967 साली नागपूर विद्यापीठातर्फे देव आणि ढवळीकर यांनी इथं उत्खननही केलं. काही अभ्यासक प्रवरपुराचा मान रामटेकजवळच्या मनसरला देतात. तो वाद विद्वानांनी मिटवावा. मला रस आहे तो प्रवरसेनाच्या आईत.

तिचं नाव प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. उत्तरेकडून विदर्भात सून म्हणून आली, वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याची पट्टराणी झाली. नवरा लवकर गेला. मुलं लहान. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या मुलखाचा कारभार तिनं स्वतः चालवला. तिची माहिती आपल्याला मिळते ती मुख्यतः तिच्या दानपत्रांतून, म्हणजे ताम्रपटांतून. दानपत्रात आधी वंशावळ द्यायची पद्धत असे. दान कोण देतंय आणि त्याचा अधिकार काय, हे त्यातून सिद्ध व्हायचं.

पहिला ताम्रपट पुण्यात मिळाला म्हणून त्याला पुणे ताम्रपट म्हणतात. तो एका तांबटाच्या घरी होता! तांबटाच्या घरातलं तांबं भट्टीत गेलं नाही, हे आपलं नशीब. (माझ्या घंगाळाला ते लाभलं नाही.) हा ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून दिलेला, तेराव्या वर्षातला. त्यात वंशावळ कुणाची आहे? विधवा राणी, सासरचं राज्य, सासरच्या गादीवरून दिलेलं दान. आपण म्हणू, वाकाटकांची. नाही! ती सुरू होते गुप्तांपासून. घटोत्कच, पहिला चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, दुसरा चंद्रगुप्त आणि मग त्याची लेक ही. आईचंही नाव येतं : नागकुळातली कुबेरनागा. नवऱ्याचा उल्लेख येतो तो त्यानंतर.

आणखी एक गंमत बघा. लग्नानंतर मुलगी नवऱ्याच्या गोत्रात जाते, असं आपण धरून चालतो. वाकाटकांचं गोत्र विष्णुवृद्ध. ही स्वतःचं गोत्र सांगते धारण, ते वडिलांचं. नावातला ‘गुप्ता’ही तिनं सोडलेला नाही. आणि स्वतःला म्हणवते काय, तर दोन्ही कुळांचं भूषण. माहेर की सासर, असा प्रश्नच ती ठेवत नाही.

यात राजकारण नव्हतं का? होतं ना. बाप सम्राट असेल तर त्याचं नाव आधी घेण्यात शहाणपण असतंच. गरीबाघरची लेक असती तर तिच्या गोत्राची आठवण कुणी तांब्यावर कोरली असती? हे मान्य करूनच पुढे जाऊ.

आता दुसरा ताम्रपट. तो अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा. महानुभावांचं रिद्धपूर, तेच. हा प्रवरसेनाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षातला, रामगिरीहून म्हणजे रामटेकहून दिलेला. मुलगा राजा होऊन एकोणीस वर्षं झाली, तरी आई स्वतःच्या नावानं दान देते आणि वंशावळ पुन्हा गुप्तांचीच सांगते.

हे दोन पत्रे शेजारी ठेवून वाचा. पुण्याच्या पत्र्यात ती युवराज दिवाकरसेनाची आई आहे. रिद्धपूरच्या पत्र्यात ती दामोदरसेन आणि प्रवरसेन यांची आई आहे. दिवाकरसेन कुठं गेला? तेरा वर्षं तो युवराजच होता. राजा म्हणून त्याचं नाव पुढे येत नाही. बहुधा तो आईच्या डोळ्यांदेखत गेला. कुठल्याही शिलालेखात तिचं रडणं नाही. पण एका यादीत असलेलं नाव दुसऱ्या यादीत नसणं, हेही एक वाक्य असतं. वंशावळी वाचायच्या त्या अशा.

तिसरा पुरावा रामटेकच्या केवल-नरसिंह मंदिरातला शिलालेख. तो फार झिजलेला आहे. हान्स बाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं वाचन केलं. त्यांच्या मते हा लेख प्रभावतीगुप्तेच्या मुलीशी संबंधित आहे. ही मुलगी मामाला, घटोत्कचाला दिली होती. विधवा झाल्यावर भावानं तिला माहेरी आणलं आणि तिनं आईच्या स्मरणार्थ पुण्यकार्य केलं. वाचन बरोबर असेल तर कथा पूर्ण होते. आई उत्तरेकडून इकडे आली, लेक इकडून तिकडे गेली आणि परतली. मुलानं आपल्या ताम्रपटांत वाकाटकांची वंशावळ दिली, पण त्यातही आईचं आणि आजोबांचं नाव घेतलं. तिथं आजोबा ‘देवगुप्त’ या नावानं येतात. लेकीनं आईसाठी दगडावर लिहून ठेवलं.

तत्त्वज्ञानात आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, की सगळं बदललं तरी माणूस ‘तोच’ कशामुळे राहतो? नाव, गाव, घर बदललं तर? प्रभावतीचं उत्तर मला पुस्तकांतल्या उत्तरांपेक्षा सरळ वाटतं. आपण कुठून आलो ते सांगायचं, आणि कुठं आलो तेही सांगायचं. एकासाठी दुसरं खोडायचं नाही.

आपल्या आज्या सम्राटाच्या लेकी नव्हत्या. त्यांचे ताम्रपट निघणार नाहीत. पण कुणाच्या घरी आंदणाचा डबा असेल, जुनी लग्नपत्रिका असेल, माहेरहून आलेलं पोस्टकार्ड असेल. आज घरी गेल्यावर आईला विचारा. आई नसेल तर मावशीला, आत्याला विचारा. मिळेल ते नाव वहीत लिहा, गावासकट लिहा. आणि नाव कोरलेलं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा काठावर बोट फिरवून बघा.