उपदेशपीठ ते दूरचित्रवाणी

ख्रिस्ती उपासनेतील प्रवचन हा मूलतः परिचिताने परिचितांशी केलेला संवाद होय. पाळक आपल्या मंडळीतील बालकांना बाप्तिस्मा देतो, तरुणांचे विवाह लावतो, मृतांना मूठमाती देतो आणि रविवारी त्याच लोकांपुढे उभा राहून शास्त्रवचनाचे विवरण करतो. तो बोलतो तसा वागतो की नाही, हे श्रोत्यांना आठवड्याचे उरलेले सहा दिवस दिसत असते; दानपात्रात पडलेल्या पैशाचे काय झाले, हेही त्यांना विचारता येते. प्रवचनाची विश्वसनीयता केवळ वक्त्याच्या वाणीत नसून या परस्परपरिचयात असते. विसाव्या शतकात प्रथम नभोवाणीने आणि पुढे दूरचित्रवाणीने हे प्रवचन मंडळीबाहेर नेले. शब्द तेच राहिले. त्यांना आधार देणारा परिचय मात्र मागे राहिला. त्याची उणीव कशाने भरून काढावयाची, हाच स्थानिक उपासनामंदिरांतून निघणाऱ्या प्रक्षेपणाच्या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

या इतिहासाचा आरंभ फार साधा होता. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरी केडीकेए या केंद्राने २ जानेवारी १९२१ रोजी कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चमधील सायंउपासना प्रक्षेपित केली. मुख्य धर्मगुरूंऐवजी त्यांचे कनिष्ठ सहकारी लुईस व्हिटमोर यांनी त्या दिवशी प्रवचन केले. यंत्रे सांभाळणाऱ्या दोघा तंत्रज्ञांना गायकवृंदाचे झगे घालून बसविण्यात आले होते. उपासनेच्या गंभीरतेत बाधा येऊ नये, एवढाच त्यामागील हेतू. परंतु पुढील शंभर वर्षांतील संकोचाचे हे पहिले चिन्ह होते. यंत्राने उपासनेत यावे, पण आल्याचे कळू नये, अशी त्या काळची अपेक्षा होती.

इंग्लंडमधील संकोच निराळा होता. एप्रिल १९२३ मध्ये पुढे सहावे जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या ड्यूक ऑफ यॉर्क यांचा विवाह वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला. त्याच्या प्रक्षेपणास चर्चच्या अधिकाऱ्यांनी अनुमती नाकारली. कारण लोक तो विधी मद्यालयात बसून, डोक्यावरची टोपीही न काढता ऐकतील, अशी भीती होती. या भीतीस आज हसणे सोपे आहे. पण तिच्या मुळाशी एक खरा प्रश्न होता. उपासनेत श्रोत्याचेही काही कर्तव्य असते. समोर नसलेल्या श्रोत्याकडून ते कसे अपेक्षावे? त्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी, ६ जानेवारी १९२४ रोजी, लंडनच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स या चर्चमधून डिक शेपर्ड यांची उपासना ब्रिटिश नभोवाणीवर ऐकू आली. तत्पूर्वीच जॉन रीथ यांनी भिन्न पंथांच्या प्रतिनिधींची सल्लागार समिती नेमली होती. प्रवचनकाराची पारख करण्याचे मंडळीचे काम अंशतः त्या समितीकडे आले. प्रक्षेपणाची वेळ विकत मिळत नसल्यामुळे श्रोत्यांकडे पैसे मागण्याचा प्रश्नही उद्भवला नाही.

अमेरिकेत असा एकच मार्ग नव्हता. मोठ्या नभोवाणी संस्था मान्यवर पंथांच्या संघटनांना विनामूल्य वेळ देत. परंतु स्वतंत्र केंद्रांवर ती विकतही मिळे. या दुसऱ्या मार्गाचा धोका चार्ल्स कॉफलिन यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. मिशिगन राज्यातील रॉयल ओक येथील या कॅथलिक धर्मगुरूंनी १९२६ मध्ये एका लहान मंडळीसाठी प्रक्षेपण सुरू केले. काही वर्षांतच त्यांचे श्रोते लक्षावधींच्या घरात गेले. प्रवचनात राजकारण शिरले म्हणून कोलंबिया संस्थेने १९३१ मध्ये त्यांना दूर केले, तेव्हा त्यांनी अनेक केंद्रांवर वेळ विकत घेऊन स्वतःचेच जाळे उभारले. दशकाच्या अखेरीस त्यांच्या भाषणांतून उघड ज्यूद्वेष व्यक्त होऊ लागला. त्यांच्या पहिल्या बिशपांनी त्यांना दीर्घकाळ पाठीशी घातले होते. १९४२ मध्ये आर्चबिशप मूनी यांनी त्यांना या कार्यातून निवृत्त होण्यास सांगितले. केवळ चर्चची अधिकारपरंपरा असणे पुरेसे नाही, ती वेळीच वापरणारा माणूसही हवा, हा त्या प्रकरणाचा अर्थ होय.

दूरचित्रवाणी आली तेव्हा प्रश्न अधिक बिकट झाला. कारण आता श्रोता प्रेक्षक बनला. १९४० च्या ईस्टरला न्यूयॉर्कमधील प्रायोगिक केंद्राने धर्मविधी दाखविले. फ्रान्समध्ये १९४८ च्या नाताळच्या पूर्वरात्री पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिरातील मध्यरात्रीचा मिस्सा प्रक्षेपित झाला, आणि डॉमिनिकन संन्यासी रेमों पिशार यांच्या पुढाकाराने १९४९ पासून साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. ‘प्रभूचा दिवस’ या अर्थाच्या नावाने तो आजही चालू आहे. हे कॅमेरे एकाच भव्य मंदिरात स्थिर न राहता निरनिराळ्या गावांतील मंडळींकडे जाऊ लागले. त्यामुळे कोणा एका वक्त्याची प्रतिमा निर्माण होण्याऐवजी दर आठवड्यास एक निराळी जिवंत मंडळी पडद्यावर येऊ लागली.

तरीही आक्षेप थांबले नाहीत. जर्मन धर्मचिंतक कार्ल रानर यांनी १९५० च्या दशकात मिस्साच्या दूरचित्रणास विरोध केला. पवित्र गोष्ट ज्याने त्याने, वाटेल त्या मनोवृत्तीने पाहावी हे उचित नाही, असा त्यांचा मुद्दा होता. वेस्टमिन्स्टरमधील टोपीची चिंताच येथे तत्त्वचिंतनाच्या पातळीवर पोचली होती. अमेरिकेतील बिशप फुल्टन शीन यांनी या अडचणीतून वेगळी वाट काढली. फेब्रुवारी १९५२ मध्ये सुरू झालेली त्यांची व्याख्याने न्यूयॉर्कमधील एका नाट्यगृहातून, फळा आणि खडू घेऊन दिली जात. त्यांनी चर्च पडद्यावर आणलेच नाही. शिक्षकाची भूमिका घेतली. कार्यक्रम प्रामाणिक ठरला, कारण तो स्वतःस प्रवचन म्हणवीत नव्हता.

याच वर्षी ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात रेक्स हंबर्ड या फिरत्या उपदेशकाने एका दुकानाच्या खिडकीतील संचावर बेसबॉल पाहणारी गर्दी पाहिली आणि या माध्यमाचे सामर्थ्य ओळखले. १९५८ मध्ये त्यांनी जवळच्या कायाहोगा फॉल्स येथे सुमारे पाच हजार आसनांचे ‘उद्याचे कॅथीड्रल’ उभारले. हे मंदिर प्रथमपासूनच दूरचित्रणाच्या सोयीने बांधलेले होते. पूर्वी मंदिरात यंत्र लपविले जात होते. येथे यंत्रासाठी मंदिर रचले गेले. मंडळी खरीच होती, पण आता ती पार्श्वभूमीही बनली. कार्यक्रमाचा खर्च वाढला, तसे या संस्थेने व्यवसायही घेतले. ब्रुकलिनमधील स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांचा कारखानाही त्यांत होता. १९७३ मध्ये नोंदणी न केलेले कर्जरोखे विकल्याबद्दल सरकारी रोखे आयोगाने संस्थेवर कारवाई केली आणि मालमत्ता विकून पैसे फेडावे लागले.

हे केवळ एका व्यक्तीचे स्खलन मानणे योग्य नव्हे. १९६० मध्ये अमेरिकेच्या प्रक्षेपण नियामक आयोगाने असे ठरविले, की लोकहिताच्या दृष्टीने विनामूल्य दिलेली आणि विकलेली वेळ यांत भेद करण्याचे कारण नाही. मग केंद्रांनी वेळ फुकट का द्यावी? धार्मिक कार्यक्रमांत विकत घेतलेल्या वेळेचे प्रमाण १९५९ मध्ये ५३ टक्के होते, ते १९७७ पर्यंत ९२ टक्के झाले. ज्या लहान मंडळीकडे पैसा नव्हता तिचे प्रवचन पडद्यावरून नाहीसे झाले. ज्याला प्रेक्षकांकडून देणग्या मिळविता आल्या तो टिकला. प्रवचनाच्या रचनेवरही याचा परिणाम झाला. पूर्वी प्रवचनाचा शेवट प्रार्थनेकडे जाई, आता तो टपालाच्या पत्त्याकडे जाऊ लागला. १९७९ मध्ये इव्हँजेलिकल संस्थांनी हिशेबांच्या पारदर्शकतेसाठी परिषद स्थापन केली, ही या घसरणीची कबुलीच होती. तरीही १९८७ मध्ये जिम बेकर यांचे प्रकरण उघडकीस आले, आणि १९८९ मध्ये न्यायालयाने त्यांना फसवणुकीबद्दल दोषी ठरविले.

प्रामाणिक हेतूसही या अर्थव्यवस्थेचा भार पेलणे कठीण गेले. रॉबर्ट शुलर यांनी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात मोटारीतून चित्रपट पाहावयाच्या मैदानावर मंडळी जमविली, १९७० मध्ये दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू केला आणि १९८० मध्ये वास्तुकार फिलिप जॉन्सन यांच्याकडून काचेचे विख्यात मंदिर उभारले. २०१० मध्ये त्या संस्थेने दिवाळखोरी जाहीर केली. पुढे ते मंदिर ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने ५ कोटी ७५ लाख डॉलरांना विकत घेतले.

ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर १९६१ रोजी कार्डिफच्या एका वेल्श बाप्टिस्ट चॅपेलमधून स्तोत्रगायनाचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. त्यात वक्त्याहून गाणारी मंडळी महत्त्वाची होती. कॅमेरा सामान्य माणसांच्या चेहऱ्यांवर रेंगाळे, गावोगावी फिरे आणि काही मागत नसे. या पद्धतीलाही मर्यादा होत्या. अल्पसंख्य पंथांना तिच्यात जागा मिळणे कठीण होते, आणि समितीला मानवेल एवढेच बोलण्याची सवय धर्मवाणीची धार बोथट करते. सावधपणा म्हणजे सत्य नव्हे. तथापि, पाहणाऱ्याची फसवणूक झाली नाही, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

२०२० मध्ये साथीमुळे जगभरची उपासनामंदिरे बंद झाली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा मूळ पदावर आला. मुंबई, वसई, पुणे येथील मंडळींतही मिस्सा आणि प्रवचने घरोघरच्या पडद्यांवर पोचली. चित्रण पुष्कळदा ओबडधोबड होते. आवाज तुटत असे. परंतु पाहणाऱ्याला तो पाळक ठाऊक होता, आणि पाळकालाही रिकाम्या बाकांवर एरव्ही कोण कोठे बसते हे ठाऊक होते. हरवलेला परिचय प्रक्षेपणाने निर्माण केला नव्हता. असलेला परिचय काही काळ सांभाळला, एवढेच.

स्थानिक प्रवचनावरून विश्वसनीय कार्यक्रम करू पाहणाऱ्यांना या शतकाच्या अनुभवातून काही गोष्टी उमगतात. मंडळी ही देखावा नसून वक्त्याला जाब विचारणारी असली पाहिजे. पैशाचा हिशेब उपदेशाइतकाच उघड हवा. वक्त्याला थांबविण्याचा अधिकार त्याच्या हाताबाहेर कोणाकडे तरी असला पाहिजे. आणि पडद्यावरील उपासना ही दाराशी नेऊन सोडणारी वाट आहे, घर नव्हे, हे कार्यक्रमाने स्वतःच मान्य केले पाहिजे. कॅमेरा मुखावरील भाव दाखवू शकतो. उरलेल्या सहा दिवसांची साक्ष मात्र शेजाऱ्यांनाच द्यावी लागते.