मडक्यातील अंधार : इरुळा सर्पविद्येचा इतिहास

तमिळनाडूच्या उत्तर भागात, विशेषतः चेन्नईच्या दक्षिणेकडील चेंगलपट्टूच्या झुडपी रानात राहणाऱ्या इरुळा या आदिवासी जमातीचा साप पकडण्याचा धंदा विसाव्या शतकात मुळापासून पालटला. शतकाच्या पूर्वार्धात आणि त्यानंतरही काही दशके हे लोक मद्रासच्या कातडी व्यापाऱ्यांना साप पुरवत होते. शतक संपताना मात्र देशातील सर्पदंशावरील औषधाचा कच्चा माल, म्हणजे सापाचे विष, बहुतांशी त्यांच्याच हातून येत होते. या बदलाचे श्रेय सामान्यतः कायद्याला आणि संघटनेला दिले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु चिडलेला साप शांत ठेवण्याची जी विद्या इरुळांकडे आधीपासून होती, तिच्यावाचून कायदा आणि संघटना दोन्ही निष्फळ ठरली असती. कातड्याच्या व्यापारात साप मेलेला असला तरी चालत असे, त्यामुळे या विद्येला बाजारात फारसे मोल नव्हते. विषासाठी मात्र साप जिवंत, निरोगी आणि पुन्हा रानात सोडण्याजोगा असावा लागतो.

कन्निअम्मा ही इरुळांची देवी नागाशी निगडित मानली जाते, आणि सापाविषयीची त्यांची जाण पिढ्यान्‌पिढ्या रानातच घडत आली. धुळीतील पुसट माग, बिळाच्या तोंडाशी अडकलेला कातेचा तुकडा, जवळच पडलेली विष्ठा यांवरून बिळात कोणता साप आहे आणि तो नुकताच आत गेला की नाही, याचा अंदाज ते बांधतात. मग पहारीने बीळ बेताबेताने खणत जातात आणि उंदीर निघाला तर तोही घेतात, कारण उंदीर हे त्यांच्या आहारातील जुने अन्न आहे.

साप हाती आल्यावर खरे कौशल्य सुरू होते. ज्याला लोक सापाचा राग म्हणतात, तो बहुधा भीतीपोटी केलेला बचाव असतो. उघड्या जागेत, लपायला आडोसा नसताना आणि आपल्याहून कितीतरी मोठा प्राणी समोर हलत असताना साप फणा काढतो, फुत्कारतो किंवा झेप घेतो. ही वृत्ती पिलांमध्ये अधिक तीव्र दिसते, कारण पक्षी, मुंगूस आणि मोठे साप अशा अनेकांचे ती भक्ष्य असतात. शिवाय नागाच्या पिलाला अंड्यातून बाहेर येतानाच विषदंत आणि विष दोन्ही असतात, म्हणून त्याला लहान समजून बेफिकीर राहणे जिवावर बेतू शकते. सापाला बाह्यकर्ण नसतात आणि गारुड्याच्या पुंगीच्या सुरापेक्षा तिच्या हालचालीकडेच नाग लक्ष देतो, त्यामुळे त्याला स्वरांनी भुलवून शांत करता येते ही समजूत निराधार आहे. तो शांत होतो तो हालचाल थांबल्याने, शरीराला खालून आधार मिळाल्याने आणि अंधार लाभल्याने. मान आवळून धरली की तो अधिकच झटापट करतो. म्हणून अनुभवी इरुळा एका हाताने शेपटीकडचा भाग धरतो, दुसऱ्या हातातील काठीवर मधले शरीर तोलतो आणि तोंड आपल्यापासून दूर राहील अशी काळजी घेतो. त्यानंतर साप मातीच्या मडक्यात जातो. तळाशी वाळू आणि तोंडाला बांधलेले सुती कापड असलेले हे मडके आतून अंधारे, गार आणि हवेशीर राहते, आणि तेथे साप वेटोळे घालून पडून राहतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये झाला आणि १९७६ मध्ये सापांच्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी आली. निसर्गाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते, परंतु ज्या कुटुंबांना दुसरा धंदा ठाऊक नव्हता, त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी इरुळांबरोबर अनेक वर्षे काम केले होते; त्यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि पुढे वन खात्याच्या परवान्यानुसार किनाऱ्यावरील वडनेम्मेली येथे विष काढण्याचे काम सुरू झाले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींचे साप ठरावीक संख्येतच पकडायचे, सुमारे महिनाभर ठेवायचे, दर आठवड्याला एकदा विष काढायचे आणि मग रानात सोडायचे, अशी तेथील पद्धत आहे.

विष काढण्याच्या दिवशी मडके आडवे करतात, साप वाळूवर सरपटत बाहेर येतो आणि काठीच्या आकड्याने त्याचे डोके अलगद दाबून धरले जाते. मग अंगठा आणि बोटे जबड्यामागे नेमकी बसवून काचेच्या भांड्यावर ताणलेला रबरी पडदा त्याच्या तोंडाशी नेतात. दात पडद्यात रुततात आणि पिवळसर थेंब काचेवरून ओघळतात. एवढ्या वेळापुरतीच डोक्यावर पकड असते, आणि काम होताच साप मडक्यात परत जातो. सोडण्यापूर्वी पोटाकडील खवल्यांना छोटासा काप देतात, जेणेकरून तोच साप लगेच पुन्हा पकडला गेल्यास ओळखता यावा. वाळवलेले विष औषधनिर्मात्यांकडे जाते. तेथे ते अल्प मात्रेत घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांपासून प्रतिविष बनवतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या औषधासाठी महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे.

मडक्यात नाग ठेवण्याची रीत महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्यात नागपंचमीच्या आधी पकडलेले नाग सणापर्यंत गाडग्यांत सांभाळत आणि नंतर सोडून देत. वन्यजीव कायदा आणि न्यायालयाचे आदेश यांमुळे या प्रथेला आळा बसला. याउलट इरुळांच्या कौशल्याला सरकारमान्य जागा मिळाली. मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल हे दोघे सर्पपकडे २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात तेथे उपद्रवी ठरलेले ब्रह्मी अजगर शोधायला गेले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हा सन्मान एका जमातीच्या हातातील ज्ञानाचा होता आणि तो फार आधी व्हायला हवा होता.

तरीही या व्यवस्थेची एक उणीव राहतेच. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, त्यामुळे मुख्यतः तमिळनाडूतील सापांच्या विषावर बेतलेले प्रतिविष इतर भागांतील दंशांवर काही वेळा कमी पडते. रत्नागिरी जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात फुरसे मारण्यासाठी सरकार बक्षिसे देत असे, इतका त्याचा तेथे सुळसुळाट होता, आणि भातखाचरांत, गवत कापताना किंवा दगड उचलताना फुरसे चावण्याचे प्रसंग कोकणात आजही घडतात. त्या दंशांवरील उपचार अधिक नेमका व्हायचा असेल, तर त्याच मातीतील फुरशांचे विष शास्त्रशुद्ध रीतीने गोळा करणारी केंद्रे कोकणात उभी राहायला हवीत, आणि तेथे काम करणाऱ्यांचे शिक्षण वडनेम्मेलीच्या मडक्यांपाशी सुरू होऊ शकेल.