पावित्र्य शोधायचं कुठे?

हँडेलनं ‘मसाया’ ही ख्रिस्ती धर्मसंगीताची रचना १७४१ साली लंडनमध्ये अवघ्या २४ दिवसांत लिहिली. या वेगामागे दैवी साक्षात्कार होता, असं आवर्जून सांगितलं जातं. मला ते पटत नाही. चार्ल्स जेनन्स यांनी बायबलमधून निवडलेले शब्द त्याच्यापुढे तयार होते. काही समूहगीतांच्या चाली तर त्यानं त्याच वर्षीच्या जुलैत लिहिलेल्या आपल्याच इटालियन प्रेमगीतांतून घेतल्या. हे मुरलेल्या कारागिराचं काम होतं.

मग पावित्र्य शोधायचं कुठे? मी डब्लिनकडे बोट दाखवीन. १३ एप्रिल १७४२ रोजी तिथं पहिला प्रयोग झाला. जास्त माणसं मावावीत म्हणून स्त्रियांनी झग्याखालचे सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती होती. जमलेले सुमारे ४०० पौंड दोन रुग्णालयं आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले लोक यांच्यासाठी वाटले गेले. १४२ कैदी सुटले.

साक्षात्काराची ग्वाही कोण देणार? तिकिटांच्या पैशातून उघडलेली तुरुंगाची दारं मात्र इतिहासात नोंदलेली आहेत. या संगीताची थोरवी मी तिथून मोजतो.