थयथयाट, लहान मुलांचा

मनाविरुद्ध काही घडताच लहान मूल भोकाड पसरते, जमिनीवर लोळण घेते, हातपाय झाडते, हाताला येईल ते भिरकावते, प्रसंगी चावते किंवा डोके आपटते. या उद्रेकाला थयथयाट किंवा आकांडतांडव म्हणतात. साधारण दीड ते चार वर्षांच्या मुलांत तो सर्रास आढळतो. या वयात मुलाला स्वतःची मर्जी कळू लागलेली असते, पण ती सांगायला शब्द अपुरे पडतात. आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी उलटेपर्यंत घडत असतो. ‘मुद्दाम करतो’ हा घरोघरचा शेरा म्हणूनच बहुधा अन्यायाचा असतो.

कारण मोठ्यांना क्षुल्लक वाटते. सोलून दिलेले केळे मोडले, की दुसरे अख्खे केळे नको असते, तेच ‘जोडून’ हवे असते. या वयातील मुलांना ठरलेल्या क्रमाची व मांडणीची विलक्षण ओढ असते, याकडे मारिया माँटेसरी यांनी लक्ष वेधले. त्यांनी नेपल्सजवळच्या एका सहलीतला प्रसंग नोंदवला आहे : उकाड्यामुळे आईने कोट काढून हातावर घेतला आणि दीड वर्षाचे मूल रडू लागले. कोणी समजावूनही ते थांबेना. आईने कोट पुन्हा अंगात घालताच शांत झाले.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी ४५ मुलांच्या पालकांकडून रोजच्या रोज नोंदी ठेवून घेतल्या. त्यांवरील पुस्तक १९३१ मध्ये निघाले. जेवणवेळेच्या आधी आणि किरकोळ आजारपणात उद्रेक वाढतात, असे त्यांना दिसले. म्हणजे निम्मा बंदोबस्त वेळेवर दिलेला वरणभात आणि दुपारची झोप यांतच होतो. पुढे मायकेल पोटेगाल, जेम्स ग्रीन आदींनी मुलांच्या कपड्यांत छोटे मायक्रोफोन बसवून थयथयाटाचे आवाजच टिपले (२०११). राग झपाट्याने शिगेला पोहोचून ओसरतो, दुःख मात्र आरंभापासून शेवटपर्यंत असते, असे या संशोधनातून पुढे आले. बहुतेक उद्रेक पाच मिनिटांच्या आत संपतात.

हाताळणीचे मर्म इथेच आहे. राग शिगेला असताना समजावणे, प्रश्न विचारणे, दटावणे या सगळ्याने आगीत तेलच पडते. मुलाला लागेल अशा वस्तू दूर कराव्यात, जवळ बसावे, फार बोलू नये; किंचाळणे ओसरून नुसते मुसमुसणे उरले, की कुशीत घ्यावे. कुशीत घेतल्याने लाड होतात ही भीती अनाठायी आहे. लाड होतात ते नाकारलेली वस्तू रडण्यापुढे हार मानून दिल्याने. त्यातही कधी द्यायची, कधी नाही, हा प्रकार सर्वांत वाईट : आज रडून मिळाले नाही तरी उद्या मिळेल, एवढे मूल पक्के शिकते. किराणा दुकानात गल्ल्यावरच्या चॉकलेटच्या बरण्यांपुढे चार लोक बघत असताना आईबाप हमखास इथेच हरतात. आई नाही म्हणते आणि आजी पदराआडून देते, हेही त्यातलेच. हल्ली हातात मोबाईल दिला जातो. मूल गप्प होते, पण राग स्वतः निवळण्याची सवय लागत नाही. बागुलबुवाची भीती आणि धपाटा यांनी आवाज थांबतो, एवढेच. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढण्यात अपाय नाही. त्या निमित्ताने मुलाला चार मिनिटे निवांत मांडीवर घेतले जाते, हे बरेच.

काही मुले रडता रडता श्वास कोंडून निळी पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. घरच्यांचा थरकाप उडतो, पण श्वास आपोआप परत सुरू होतो. अशा वेळी मुलाला कुशीवर निजवावे. तोंडात पाणी घालू नये. लोहाची कमतरता असलेल्या मुलांत हा प्रकार जास्त दिसतो, म्हणून रक्ततपासणी करून घ्यावी. लोहाच्या औषधाने पुष्कळदा फरक पडतो. पहिल्यांदा असे घडल्यास डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते.

उद्रेक वारंवार पंचवीस मिनिटांहून अधिक चालत असेल, मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल, दिवसात अनेकदा असे होत असेल किंवा पाचव्या वर्षानंतरही जोर कमी होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. बोलणे उशिरा येत असलेल्या मुलाची आधी श्रवणतपासणी करावी. ऐकू कमी येणारी मुले पुष्कळ दिवस ‘हट्टी’ म्हणूनच ओळखली जातात.